सेमेसाच्या अंगणात शिरलेली धाव

१

सेमेसाच्या घरातला तांबुआ गेला तेव्हा आमचे तीसेक लोक त्याच्या अंगणात धापा टाकत उभे होते, आणि आपण तिथे का आलो हे त्यांतल्या एकालाही सांगता येत नव्हतं. मला तर मुळीच नाही. धावेचा मार्ग मी आखला होता आणि तो सेमेसाच्या घराकडे जातच नव्हता.

लेवुका या आमच्या बंदरगावाची माणसं जन्मभर समुद्ररस्त्यावरून वर-खाली चालतात आणि आपल्याला गाव ठाऊक आहे असं समजतात. मी शाळेत भूगोल शिकवला, त्यामुळे या अज्ञानाचा मला अंमळ जास्तच राग. निवृत्त झाल्यावर गुडघे कुरकुरायला लागले. डॉक्टर म्हणाला, चाला. चालायचा कंटाळा आला म्हणून मी धावायला लागले, आणि एकटीने धावायचा कंटाळा आला म्हणून शनिवारची धाव सुरू केली. एकाने दुपारी पुढे जाऊन वळणावळणावर चिमूटभर मैद्याची खूण करायची, बाकीच्यांनी त्या हुडकत पळायचं. दर शनिवारी वाट वेगळी. ओढ्याकाठची बोळं, मिशनच्या पायऱ्या, टाकीमागची चढण, कुणाच्या परसामागची पाऊलवाट. गाव तसं टीचभर, पण पळत पाहिलं की संपत नाही. अर्थात खुणा पाहील तो खरा धावणारा. आमचे लोक पुढच्याची पाठ पाहतात आणि चुकले की माझ्या नावाने खडे फोडतात.

त्या शनिवारी सगळ्यांत पुढे इलाइसा होता. हा फेरीबोटीच्या इंजिनखोलीत काम करतो. तब्येतीने दांडगा, बोलायला मंद. त्याच्या मागोमाग सगळा घोळका सेमेसाच्या फाटकातून आत शिरला. कुत्री भुंकायला लागली, कोंबड्या उधळल्या, कुणीतरी अळूच्या वाफ्यात पाय घातला. सेमेसाची थोरली बहीण तोरिका, जिला सारं गाव आत्या म्हणतं, काठी उगारत ओट्यावर आली आणि आम्हाला पलीकडच्या कोरो बेटापर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात शिव्या द्यायला लागली. मग ती आत गेली. परत आली तेव्हा तिचा आवाज खाली आला होता.

"भिंतीवरचा दात नाही," ती म्हणाली.

तांबुआ म्हणजे देवमाशाचा दात. तेल लावून लावून मधासारखा पिवळा झालेला, काथ्याच्या दोरीत ओवलेला. आमच्याकडे मागणी घालायची असो, माफी मागायची असो की मयताला जायचं असो, हातात तांबुआ लागतो. तिथे दुसरं काही चालत नाही. आणि हा तांबुआ साधा नव्हता. इलाइसाच्या घरच्यांनी तो सेमेसाच्या कुइनीसाठी आणला होता. कुइनी ही सेमेसाची एकुलती एक मुलगी, राजधानीत, सुवाच्या इस्पितळात नर्स.

सेमेसा धावत नाही. धाव सुटते तिथे, खाली समुद्ररस्त्यावर, तो दुपारपासून बाकावर बसून आमची टिंगल करत होता. गलका ऐकून तो वर आला, भिंतीवरचा मोकळा खिळा पाहिला आणि सरळ माझ्याकडे वळला.

"खुणा तुमच्या, बाई," तो म्हणाला. "म्हणजे चोर माझ्या दारात तुम्हीच आणलात."

२

सार्जंट पेनी माझा विद्यार्थी. त्याने परीक्षेत नकाशावर आख्खं वीती लेवू हे मोठं बेट आमच्या ओवालाउ बेटाच्या डावीकडे सोडून उजवीकडे काढलं होतं. हे आठवून माझा धीर आधीच सुटत होता.

मी त्याला अंगणातून खाली फाट्यावर नेलं. तिथे वाट दुभंगते. डावीकडची टाकीकडे जाते, उजवीकडची नीरफणसाच्या झाडांमधून सेमेसाच्या फाटकाशी. मी दुपारी डावीकडे ठसठशीत बाण काढला होता. बाणाच्या जागी आता खराट्याच्या रेघा होत्या. उजव्या वाटेवर मात्र पांढऱ्या खुणा होत्या आणि त्या मी केल्या नव्हत्या.

पेनीने एका खुणेवर बोट घासलं आणि जाहीर केलं की हा चुना. चुना गावात कुणाकडे? रग्बीच्या मैदानावर रेघा मारणाऱ्या पर्सीकडे. पर्सी कुठे राहतो? सेमेसाच्या खालच्या अंगाला. पर्सीचं आणि सेमेसाचं कुत्र्यांवरून भांडण आहे का? आहे. पेनीचा चेहरा असा खुलला, जसा शाळेत कधी खुलला नव्हता.

पर्सीची जबानी मी ऐकली, कारण पेनीला मला घरी जा म्हणायचा धीर नव्हता. तो दुपारभर घरी होता, एकटा होता, झोपला होता. हे सांगून त्याने स्वतःचं काहीच भलं केलं नाही. वर म्हणाला, "मला चोरायचंच असतं तर ती कुत्री चोरली असती आणि पहिल्या बोटीने पाठवून दिली असती. दात भुंकतो का?"

पेनीने त्याला चौकीत नेलं. सेमेसाने सगळ्यांदेखत सांगितलं की आता शनिवारची धाव बंद झाली पाहिजे, आणि आमच्यातल्या निम्म्यांनी माना डोलावल्या. हे तेच लोक, ज्यांना वर्षभरापूर्वी आपल्या घरामागे ओढा आहे हे ठाऊक नव्हतं.

पहाटे पाऊस शिंतडून गेला. उजाडल्यावर मी पुन्हा फाट्याशी गेले. खालून पाहता खुणा बऱ्याचशा गेल्यासारख्या वाटल्या, पण खळग्यात साचलेल्या पाण्यावर एक पांढरी साय तरंगत होती. मी थांबले. पर्सीच्या छपराखालचं चुन्याचं पोतं उघडंच होतं. त्यातली चिमूट त्याच पाण्यात टाकली. ती सरळ तळाला गेली. मैदा असता तर लापशी झाली असती. ही साय बोटाला बुळबुळीत लागत होती, आणि नाकाशी नेली तर लग्नघराचा वास आला.

पावडर. आमच्याकडे नाच रंगला की बायका उठून नाचणाऱ्यांच्या गालांना, मानेला थापतात ती.

चुन्याची एक आणि उरलेल्या खुणेची एक अशा दोन पुड्या बांधून मी तडक चौकीत गेले. पेनीने पाण्याचा पेला मागवला, दोन्ही पुड्या टाकून पाहिल्या आणि निराश झाला. पर्सी सुटला. जाताना माझे आभार मानायचे सोडून, पोतं न विचारता उघडल्याबद्दल मलाच बोलून गेला.

"पण बाई," पेनी म्हणाला, "पावडर तर माझ्या आईकडेही आहे."

एवढ्यात बाहेरून कुणीतरी सांगत आलं की चर्चच्या दारात सेमेसाने इलाइसाची कॉलर धरली आहे.

३

आम्ही पोचलो तेव्हा प्रार्थना सुटली होती आणि सगळा गाव पायऱ्यांवर थिजल्यासारखा उभा होता. सेमेसाने इलाइसाला चोर म्हटलं होतं. एकदा नव्हे, पुन्हा पुन्हा, आणि त्याच्या काकाच्या तोंडावर. जोसातेकी काका हे कोरो बेटावरचे शांत म्हातारे. तेच मागणी घालायला आले होते, आणि उत्तर ऐकायला थांबले होते. त्यांनी टोपी घातली आणि ते चालू लागले. असे लोक बोलत नाहीत तेव्हाच काळजी करायची असते.

पेनीने सेमेसाला बाजूला घेतलं. मीही गेले. तिथे जे निघालं ते आदल्या दिवशीच सांगितलं असतं तर पर्सीला रात्रभर चौकीतल्या बाकावर बसावं लागलं नसतं.

सेमेसाला हे लग्न नको होतं. तो बंदर कचेरीत मोठ्या जागेवर होता, आणि जावई गळ्यात टाय बांधणारा हवा, ग्रीसचा वास येणारा नको, असं त्याचं मत. पाहुण्यांच्या तोंडावर नाही म्हणणं बरं दिसत नाही, म्हणून त्याने दात ठेवून घेतला आणि विचार करून सांगतो म्हणाला. त्या रविवारी प्रार्थनेनंतर तो परत करायचा, हे त्याचं ठरलं होतं.

इथे आमची रीत आड येते. मागणीला आणलेला तांबुआ घरात राहिला, तर होकार. तोच तांबुआ परत गेला, तर नकार. दुसरा नेऊन चालत नाही. म्हणजे दात हरवला की सेमेसाचा नकारही हरवला.

"मग फायदा कुणाचा?" सेमेसा म्हणाला, आणि पेनीने माझ्याकडे पाहिलं. मला ते कबूल करावं लागलं.

इलाइसाला मी स्वतः विचारलं. सेमेसाच्या मनात नकार आहे हे त्याला ठाऊक होतं का? होतं, कुइनीने फोनवर सांगितलं होतं. उजव्या वाटेला तो का लागला? फाट्यावर बाण नव्हता, म्हणून अंदाजाने वर गेला. बरंच वर गेल्यावर वाट चुकली असं वाटून मागे वळला, तर नीरफणसाच्या खोडांवर पांढऱ्या खुणा दिसल्या. मग तसाच फाटकापर्यंत पळाला. त्याच्या मागच्यांना पेनीने आधीच विचारलं होतं. चढताना एकालाही एकही खूण दिसली नव्हती. सगळे इलाइसाच्या पाठीमागे गेले होते.

"म्हणजे ज्या खुणा कुणालाच दिसल्या नाहीत त्या तुला दिसल्या," पेनी म्हणाला.

"हो," इलाइसा म्हणाला.

मला त्याच्या कानाखाली वाजवावीशी वाटली. माणसाने खरं बोलावं, पण इतकं बेंगरूळ बोलू नये.

संध्याकाळपर्यंत दोन गोष्टी झाल्या. फेरीच्या मालकाने निरोप धाडला की प्रकरण मिटेपर्यंत इलाइसाने बोटीवर पाय ठेवू नये. आणि जोसातेकी काकांनी सांगितलं की सोमवारच्या फेरीने ते जातील, ते पुन्हा या घराचं तोंड पाहायला येणार नाहीत.

४

सोमवारी सकाळी मी बूट घातले. मला चिडले की पळायला बरं पडतं.

फाट्यापासून वर पळत गेले, नजर खोडांवर ठेवून. काही दिसलं नाही. शेवटच्या झाडापाशी दम घ्यायला वळले, आणि सगळी वाट खुणांनी भरलेली होती. प्रत्येक खोडाच्या वरच्या अंगाला, पानांच्या आडोशाने पावसातून वाचलेला, एकेक पांढरा पंजा. वाटेतल्या मोरीच्या दगडावरही होता, तोही वरच्याच अंगाला.

मी खाली गेले, पुन्हा वर आले. पुन्हा खाली. लोकांना वाटलं असेल बाईंचं डोकं फिरलं.

वर्षभर दर आठवड्याला खुणा केल्यावर एक गोष्ट हातात मुरते. खूण करणारा धावणाऱ्यांच्या बाजूने येतो आणि त्यांना समोर दिसेल अशीच खूण करतो. इलाइसाने स्वतः दोनदा खुणा केल्या होत्या, आणि त्या आंधळ्यालाही दिसल्या असत्या. या खुणा ज्याने केल्या तो खालून आलाच नव्हता. तो वरून खाली उतरत होता, आणि स्वतःच्या समोर जे अंग आलं त्यावर पावडर थापत होता. खालून येणाऱ्यांना त्या दिसणारच नाहीत हे त्याच्या ध्यानातही आलं नाही, कारण तो जन्मात आमच्याबरोबर धावला नव्हता.

आणखी एक. धावणारा माणूस वळणावर खूण करतो आणि मधली वाट मोकळी सोडतो. इथे प्रत्येक झाडावर होती, लागून लागून. जो थांबत थांबत उतरतो, झाडाला हात टेकल्याशिवाय ज्याला पुढचं पाऊल टाकता येत नाही, त्याची ही चाल.

मी पेनीला बोलावून घेतलं आणि त्याला त्या चढावरून पळायला लावलं. अर्ध्यावर तो वाकून उभा राहिला. मी म्हटलं, आता मागे बघ.

त्याने पाहिलं.

"बाई, पण वर तर एकच घर आहे," तो म्हणाला.

"नकाशा वाचायला लागलास," मी म्हटलं.

शनिवारी मी खुणा करून उतरल्यापासून सेमेसा माझ्या डोळ्यांसमोर बाकावर बसला होता. कुइनी सुवात. मग मागे एकच माणूस उरत होतं. फेरी दुपारी सुटायची होती. मी पेनीला फाटकाबाहेर थांबायला सांगितलं आणि आत गेले.

५

तोरिका ओट्यावर चटई विणत बसली होती. कुत्र्यांनी मला ओळखून तोंडं फिरवली. मी तिच्या शेजारी बसले. तिने वर पाहिलं नाही.

"पावडर संपली असेल तर आणून देते, आत्या," मी म्हटलं.

तिचे हात थांबले. मग पुन्हा चालू झाले.

"अर्धा डबा आहे अजून," ती म्हणाली.

मला वाटलं होतं ती नाकारेल, ओरडेल, काठी उगारेल. तिने यांतलं काही केलं नाही. उलट मलाच विचारलं की कसं कळलं. मी खोडांचं सांगितलं, तेव्हा तिला स्वतःचाच राग आला. इतका त्रास घेऊन उतरले, म्हणाली, आणि त्या गाढवांना दिसलंच नाही.

मग तिने बाकीचं सांगितलं, विणता विणता. मी दुपारी बाण काढून गेले ते तिने वरून पाहिलं होतं. मी नजरेआड झाल्यावर ती खराट्याचीच काठी करून उतरली, बाण झाडून टाकला. दात त्याआधीच भिंतीवरून काढला होता. बाहेरची तीस माणसं अंगणात शिरली की कुणा एकाचं नाव येणार नाही, एवढाच तिचा हिशेब.

"पण नाव आलं," मी म्हटलं. माझा आवाज चढला. चढायलाच हवा होता. "पर्सी रात्रभर चौकीत बसला. इलाइसाचं काम गेलं. ज्याच्यासाठी केलंस त्यालाच चर्चच्या दारात चोर ठरवलं आणि तू इथे चटई विणते आहेस."

"त्याच्यासाठी कोण करतंय?" ती म्हणाली. "मी माझ्यासाठी केलं. कुइनीने मला सांगितलंय. बापाने दात परत केला तर ती त्या पोराला घेऊन ऑकलंडला जाणार, आणि परत यायची नाही. ती जाईल, मजेत राहील. सेमेसा दोन दिवस ताठ बसेल, मग जन्मभर हळहळेल. आणि ती हळहळ समोर बसून कुणी ऐकायची? मी. मला हा गुडघा आहे, मला कुठे पळता येत नाही."

ती म्हणत होती ते वेडेपणाचं होतं आणि तरी त्यात चूक काढता येईना.

"कालच बोलणार होते," ती जरा वेळाने म्हणाली. "सेमेसा इलाइसाला चोर ठरवून चर्चमधून आला तो इतका खूश होता, की माझं तोंड उघडवेना."

"दात कुठे आहे?"

तिने मागे, खोलीच्या कोपऱ्याकडे हनुवटी उडवली. तिथे गुंडाळ्यांचा ढीग होता, रंगीत लोकरीच्या कडांच्या चटया, मुलगी सासरी जाताना द्यायच्या. सगळ्यांत आतल्या गुंडाळीत, ती म्हणाली.

"कुठल्या गुंडाळीत?" पायरीवरून आवाज आला. सेमेसा उभा होता. तो कधी आला ते कुत्र्यांनीही सांगितलं नव्हतं.

६

त्याने सगळ्या चटया उलगडल्या. दात निघाला तेव्हा त्याने त्याची दोरी तपासली. उलगडलेल्या चटया तशाच टाकून त्याने बहिणीकडे पाठ फिरवली. ते मला शिव्यांपेक्षा वाईट वाटलं. मग तो स्वच्छ शर्ट घालायला आत गेला. फेरी सुटायच्या आत दात परत करतो, म्हणाला, आणि मोकळा होतो.

"आधी माफी कोण मागणार?" तोरिका म्हणाली.

तो बटण लावता लावता थांबला.

सगळ्या गावासमोर त्याने इलाइसाला चोर म्हटलं होतं, थोरल्याच्या तोंडावर. अशी चूक नुसत्या शब्दांनी धुतली जात नाही. गुडघ्यावर बसून तांबुआ पुढे करावा लागतो. त्याच्याजवळ तांबुआ होता तो त्यांचाच. तो पुढे केला तर तो नकार होतो, माफी होत नाही. आणि माफीशिवाय नकार देऊन आला, तर लेवुकात त्याच्या बाकावर त्याच्या शेजारी कुणी बसलं नसतं. मी हे त्याला समजावून सांगायला लागले, तर तो माझ्यावर खेकसला की बाई, मला रीत शिकवू नका. मग खाली बसला, कारण रीत त्याला चांगली ठाऊक होती.

तोरिका काठी टेकत उठली, आत गेली. पेटीचं झाकण वाजलं. ती आणखी एक दात घेऊन आली. लहान, गडद, दोरी झिजलेली. आईने मला दिलेला आहे, म्हणाली. तुला देते. माफीचं बोलणं तू कर, मी मागे बसेन. चूक माझीही आहे.

"आणि त्यांचा?" त्याने विचारलं.

"तो तुझा तू बघ. माफी मागायच्या बैठकीतच नकार देता येत असेल तर दे."

पेनीला मी फाटकाशी सगळं सांगितलं. त्याने डोकं खाजवलं आणि दात घरातच सापडला, तक्रार नाही, असं ठरवून टाकलं. हे त्याचं उत्तर मात्र बरोबर होतं. पर्सीकडे सेमेसा स्वतः गेला आणि जाताना कुत्र्यांना साखळी लावून गेला. फेरीच्या मालकाकडे पेनी गेला.

फेरी सुटायला अवकाश होता. जोसातेकी काका उतरले होते त्या घरी आम्ही शिरलो तेव्हा त्यांचं सामान दारात बांधून ठेवलेलं होतं. ते भिंतीशी टेकून बसले होते, इलाइसा त्यांच्या मागे, मान खाली. सेमेसा दारापासून गुडघ्यांवर सरकत गेला. बंदर कचेरीचा साहेब, स्वच्छ शर्टात. तोरिकाला मांडी घालता येत नव्हती. ती पाय लांब करून बसली आणि त्याबद्दलही तिने क्षमा मागितली. सेमेसाने दोन्ही हातांत दात धरून माफीचं बोलणं केलं. काही लपवलं नाही. बहिणीनेच लपवला होता हेही सांगितलं, आणि तिने असं करावं अशी वेळ मीच आणली, असंही म्हणाला. हे शेवटचं मला अपेक्षित नव्हतं. तोरिकालाही नसावं, ती बाहीने डोळे पुसायला लागली.

म्हाताऱ्याने हात पुढे करून दात घेतला. मागच्या लोकांनी ओंजळी पोकळ करून संथ टाळ्या वाजवल्या. माफी पोचली होती.

आता सेमेसाने उठायचं होतं. तो उठला नाही. त्याचा हात शर्टाच्या खिशाशी गेला. खिसा सपाट होता.

"आणि आमचा?" जोसातेकी काकांनी विचारलं. "तोही सापडला म्हणतोस."

इलाइसाने पहिल्यांदाच मान वर केली.

"सापडला," सेमेसा म्हणाला. "मी तो पुन्हा कुइनीच्या चटयांत ठेवून आलो."